बिननंबरी चष्मा

उमरग्याच्या हायवे चौकात उतरून खाजाभाई कुलूपवाल्यांची टपरी कुठं आहे असं कुणालाही विचारा, माणूस बोट दाखवेल आणि वर दोन मिनिटं त्यांचं कौतुकही ऐकवेल. त्यांचा मुलगा रिजवान काय करतो असं विचारलंत, तर तोच माणूस डोकं खाजवून म्हणेल, "ते व्हय? त्या धर्मादाय दवाखान्यात पंखे-बिंखे दुरुस्त करतंय वाटतं." पंखे रिजवान दुरुस्त करत नाही. तो त्या दवाखान्याचा संगणक विभाग प्रमुख आहे. विभागात प्रमुखाखेरीज फक्त एक प्रिंटर आहे आणि तोही प्रमुखाचं ऐकत नाही, हे सांगणारा पुन्हा रिजवानच. स्वतःची फजिती इतकी रंगवून सांगणारा माणूस आसपासच्या चार तालुक्यांत सापडायचा नाही. फक्त माकणी गावची गोष्ट सांगताना तो एका ठिकाणी थांबतो, चहाचा कप उगाच फिरवतो, आणि मग पुढं जातो.

वय त्रेचाळीस. पोट जरा पुढं आलेलं, केस बरेच मागं गेलेले. वाचायला दीडचा चष्मा लागतो, तो कायम शर्टाच्या खिशाला लटकलेला. गळ्यात दवाखान्याच्या नावाचं ओळखपत्र. बायको शाहीन म्हणते की हे ओळखपत्र तो आंघोळीलाच काय ते काढतो. आपण कोण हे लोकांना सांगून कळत नाही म्हटल्यावर निदान वाचून तरी कळावं, एवढीच त्याची इच्छा.

दवाखाना बसस्थानकामागं. तिथं ताप-खोकल्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं बघतात. पण एच.आय.व्ही.ची तपासणी आणि औषधपाणीही तिथंच होतं, आणि लोकांच्या डोक्यात नेमकं तेवढंच बसलं आहे. खेड्यापाड्यांत त्या दवाखान्याचं नाव काढलं की माणसं आवाज खाली आणतात आणि बायका पदर सावरतात. म्हणून तिथल्या फायली म्हणजे नुसते कागद नव्हेत. एखाद्या घराची सोयरीक, एखाद्या बाईची रोजी, एखाद्याला पंगतीत बसू देणं न देणं, असं सगळं त्या कागदांत असतं.

आणि अशा चौदाशे फायली आठ वर्षांपूर्वी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत नेऊन ठेवल्या होत्या. ज्याच्याकडं त्या फोल्डरची लिंक, त्याला तो उघडा. पासवर्ड म्हणजे दवाखान्याचा फोन नंबर. तो नंबर दवाखान्याच्या पाटीवर होता, ॲम्ब्युलन्सवर होता, शिवाय डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरही होता. एके दिवशी रुग्णांच्या फायलींच्या मधोमध कुणाच्या तरी बारशाचे सत्तावीस फोटो निघाले. स्टाफमधल्या कुणीतरी फोनमध्ये जागा नाही म्हणून तिथं ठेवून दिले होते. दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर कृष्णराज यांनी सगळ्यांना बोलावलं आणि हा पासवर्ड ठेवणारा विद्वान कोण, असं विचारलं. त्या वेळी रिजवान खिडकीतून बाहेर बसस्थानकाकडं फार लक्षपूर्वक बघत होता.

प्रायश्चित्त म्हणून त्याला सहा आठवड्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाला बसवलं. प्रशिक्षणात त्याला पहिल्यांदा कळलं की आपण आजवर केलं ते सगळं 'असं करू नये' या प्रकरणात येतं. तो रोज संध्याकाळी बापाच्या टपरीवर जाऊन दिवसभरात शिकलेलं सांगायचा. खाजाभाईंचं वय चौऱ्याहत्तर. ट्रकच्या केबिनची कुलुपं, पेट्यांची, दुकानांच्या शटरची, सगळी त्यांच्या हाताखालून गेलेली.

"तुमच्या त्या फायली हाईत कुठं पर?" त्यांनी कानस थांबवून विचारलं.

"दुसऱ्याच्या घरात, अब्बा. त्यांचं कपाट आपण भाड्यानं घेतलंय."

"आन चाबी?"

"आता चावी आपल्याकडं ठेवणार. कागद आत टाकायच्या आधीच अशा लिपीत करायचे की कपाटवाल्यालाबी वाचता येऊ नयेत."

"मग बराबर हाय," खाजाभाई म्हणाले. "कपाट कुनाच्याबी घरात ऱ्हाऊ दे."

सहा आठवड्यांचं सार बापानं एका वाक्यात आटोपलं म्हणून रिजवान जरा खट्टू झाला.

खाजाभाईंचा धंद्याचा एक रिवाज होता आणि त्यावरून त्यांचं गिऱ्हाइकांशी रोज वाजायचं. साबणावरचा ठसा आणला तर ते किल्ली करून देत नसत. कुलूप आणा म्हणायचे, आणि ज्याचं कुलूप तो माणूसही आणा. किल्ली झाली की मालकाकडून समोर तीनदा कुलूप उघडून घ्यायचे, आणि मगच किल्ली त्याच्या तळहातावर ठेवायचे. भावाकडं देतो, ड्रायव्हरकडं पाठवतो, असलं चालायचं नाही. एकदा सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी हात हलवत परत पाठवलं होतं, आणि त्यावरून रिजवानची आई नसीमबी त्यांच्याशी आठ दिवस बोलल्या नव्हत्या. रिजवान लहानपणापासून हे बघत आलेला. त्याला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. किल्ली बनवण्याचं कौशल्य मोठं, देण्यात कसलं आलंय!

तर रिजवाननं व्यवस्था उभी केली आणि खरोखर चांगली केली, हेही सांगितलं पाहिजे. आधी सगळं बंद, आणि ज्याला जेवढं लागतं तेवढंच त्याच्यापुरतं उघडं. औषधं देणाऱ्याला औषधांची यादी दिसेल, आजार दिसणार नाही. खिडकीवर नोंद घेणाऱ्याला नाव-गाव दिसेल, रिपोर्ट दिसणार नाही. जो कामावरून गेला त्याची वाट त्याच दिवशी बंद. कोणी, कधी, काय उघडलं याची नोंद आपोआप होणार, आणि ती नोंद खुद्द रिजवानलाही पुसता येणार नाही. मोठं काही बदलायचं तर दोघांनी मिळून, एकट्या रिजवानच्या मनावर नाही. हा नियम डॉक्टरांनी बारशाचे फोटो आठवून घातला होता.

आणि सगळ्यांवर कळस म्हणजे रुग्णांची सोय. नुसता रिपोर्ट घ्यायला माणसं मजुरी बुडवून उमरग्याला खेपा घालायची. आता प्रत्येकाच्या फोनवर एक लिंक जाईल. ती दाबली की त्याच फोनवर सहा आकडी कोड येईल. कोड टाकला तरच रिपोर्ट उघडेल, आणि दोन दिवसांनी लिंक मरून जाईल. दोन कुलुपं! ही कल्पना सुचली त्या दिवशी रिजवाननं स्वतःच्याच पाठीवर थाप मारायचा प्रयत्न केला, पण पोटामुळं हात पोचला नाही.

शनिवारी दवाखान्यात छोटा कार्यक्रम झाला. डॉक्टरांनी रिजवानला शाल-श्रीफळ दिलं. रिजवाननं 'माहितीची सुरक्षा' या विषयावर चाळीस मिनिटं भाषण ठोकलं. त्यातली शेवटची वीस मिनिटं सभागृहात फक्त शाहीन, खाजाभाई आणि खुर्च्या गोळा करणारे दोघं उरले होते. "कोणत्याही व्यवस्थेतला सर्वांत कच्चा दुवा म्हणजे माणूस," असं तो हात उंचावून म्हणाला. खाजाभाईंनी टाळी वाजवली. हे वाक्य रिजवानला पुढं जन्मभर पुरणार होतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता पहिले दोनशे संदेश गेले. रिजवान चष्मा लावून नोंदवही बघत बसला. हा उघडला, तो उघडला, अशा ओळी पडद्यावर सरकत होत्या आणि त्याला कोंबडीची पिलं अंड्यातून बाहेर येताना बघावं तसा आनंद होत होता. साडेदहाच्या सुमारास प्रीती आत आली. ती दवाखान्यातली समुपदेशक. रुग्णांशी तीच बोलते, गावोगाव तीच हिंडते, आणि तोंडावर बोलायला कुणाच्या बापाला भीत नाही.

"रिजवानभाई, हा नंबर इथं किती वेळा आलाय?" तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"नऊ वेळा. मीबी बघितलं होतं. माकणीचं मोठं कुटुंब दिसतंय."

"मोठं कुटुंब? नऊ माणसं, नऊ आडनावं, त्यात दोन मुसलमान, तीन आमच्यातले. असलं कुटुंब मला तरी दाखवा कुठं हाय ते!"

रिजवाननं चष्मा काढून पुसला. पुसल्यावरही आडनावं नऊच राहिली.

"हा श्रीनाथचा नंबर," प्रीती म्हणाली. "माकणीत किराणा दुकान हाय त्यांचं. ज्याच्याकडं फोन नाही तो त्यांचाच नंबर देतो. बँकेत तोच, गॅसला तोच, पीकविम्याला तोच. आणि मेसेज आला की ते दुकानाच्या ओट्यावर उभं राहून मोठ्यांदा वाचून दाखवतात. म्या स्वतः ऐकलंय. अख्खा ओटा ऐकतो."

रिजवाननं दोन कुलुपं केली होती खरी, पण दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात घातल्या होत्या, आणि तो माणूस कोण हे एकदाही विचारलं नव्हतं. नोंद घेताना खिडकीवर 'फोन नंबर' एवढाच रकाना होता. फोन कुणाचा, असा रकानाच नव्हता, कारण ज्याचा नंबर त्याचाच फोन असतो हे विभाग प्रमुखांनी गृहीत धरलं होतं.

त्यानं धडाधड नऊच्या नऊ लिंक बंद केल्या. मग नोंदवही बघितली. आठ लिंक कुणी उघडल्याच नव्हत्या. एक उघडली होती, नऊ चाळीसला. बनाबाईंची.

बनाबाईंना प्रीती चांगलं ओळखत होती. पन्नाशीच्या, नवरा ट्रकवर होता, सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून त्या दर महिन्याला उमरग्याला येऊन गोळ्या नेतात आणि ठणठणीत आहेत. माकणीच्या शाळेत पोरांना खिचडी शिजवतात. त्यांच्या हातचं खाण्यात कुणालाही तिळमात्र धोका नाही, हे डॉक्टरांनी त्यांना दहादा सांगितलं होतं आणि कायदाही तेच म्हणतो. पण गावाला कायदा कोण वाचून दाखवणार? कळलं तर दुसऱ्या दिवशी पोरं डबे घेऊन येतील, तिसऱ्या दिवशी शाळा दुसरी बाई बघेल, आणि बनाबाईंना पाणीसुद्धा वेगळ्या पेल्यातून मिळेल.

"फोन लावतो त्याला," रिजवान म्हणाला.

"आणि काय सांगणार? 'ते वाचू नका' म्हणून? म्हणजे नसलं वाचलं तरी वाचतील. जावा तुम्ही. समोर बसून बोला."

रिजवान हेल्मेट चढवून निघाला. लोहाऱ्यावरून माकणी, तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना तुरी उभ्या आणि रिजवानच्या डोक्यात शनिवारचं भाषण. सर्वांत कच्चा दुवा म्हणजे माणूस. हा श्रीनाथ असेल कसा? ओठांवर मिशी, तोंडात पान, समोर पंचवीस माणसं, आणि ठसक्यात वाचतोय बनाबाईचा रिपोर्ट. रिजवाननं रस्ताभर श्रीनाथला शिव्या घातल्या. मधेच एकदा स्वतःलाही घातल्या, पण त्या जरा सौम्य होत्या.

पावणेबाराला तो माकणीत शिरला. दुकान शोधावं लागलं नाही. ओट्यावर चार म्हातारे बसलेले, गिरणीत दळण टाकून आलेल्या दोन बाया उभ्या, आणि गल्ल्यावर पांढरी टोपी घातलेला किडकिडीत माणूस तराजूत हरभऱ्याची डाळ घालत होता. मिशी नव्हती. रिजवाननं गाडी ओट्याला भिडवली. घाईत ना गाडी बंद केली ना हेल्मेट काढलं. हेल्मेटातल्या माणसाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, आणि चालू गाडीवर तर मुळीच नाही. म्हणून तो पोटातून ओरडला:

"श्रीनाथ शेठ! बनाबाईंचा दवाखान्याचा रिपोर्ट तुम्ही वाचला का?"

गिरणी तेवढी चालू होती. चार म्हाताऱ्यांच्या नजरा रिजवानच्या तोंडावरून घसरल्या त्या छातीवरच्या ओळखपत्रावर येऊन थांबल्या. त्यावर दवाखान्याचं नाव चांगल्या ठळक अक्षरांत होतं. ती अक्षरं मोठी करण्याचा आग्रह रिजवानचाच.

नोंदवही नको, लिंक नको, कोड नको. माकणीच्या ओट्यावर बनाबाईंचं नाव आणि त्या दवाखान्याचं नाव एका वाक्यात जोडून मोठ्यांदा वाचून दाखवणारा पहिला माणूस श्रीनाथ नव्हता. तो शाल-श्रीफळवाला विभाग प्रमुख होता.

गोष्ट सांगताना रिजवान कप फिरवतो ते इथं.

"कसला रिपोर्ट?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. दळणवाली एक बाई दोन पावलं पुढं सरकली.

दुकानाच्या आतल्या बाजूनं, तेलाच्या डब्यामागून, एक बाई बाहेर आली. हातात मिठाची पिशवी. शाळेसाठी मीठ न्यायला आलेली. रिजवानकडं एकवार वरून खालपर्यंत बघून ती ओट्याकडं वळली.

"अवो चष्म्याचं हाय त्ये," बनाबाई म्हणाल्या. "डोळं तपासून आले न्हवते का म्या? तांदळातलं खडं दिसना झालेत. नंबर निघालाय म्हनं."

"व्हय व्हय," श्रीनाथ तराजूवरची नजर न काढता म्हणाला. "सकाळीच वाचला म्या. दीडचा नंबर लिवलाय."

"त्या दवाखान्यात डोळं तपासत्यात?" म्हाताऱ्याचं समाधान होईना.

"समदं तपासत्यात," श्रीनाथ म्हणाला. "तुमीबी जावा एकदा. परवा माझ्या डोळ्यादेखत उडदाला मूग म्हनला की."

ओटा हसला. रिजवानही हसला. पण जी दळणवाली पुढं सरकली होती ती मागं गेली नव्हती. "मग चष्मा कुठाय?" तिनं विचारलं.

आता सगळ्यांनी रिजवानकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं डोकं वेळेवर चाललं. खिशाला लटकलेला स्वतःचा चष्मा त्यानं काढला, शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. "तोच द्यायला आलो होतो मावशी," तो म्हणाला, आणि या वेळी हळू.

बनाबाईंनी चष्मा लावला. त्या चष्म्यातून त्यांना माकणी कशी दिसली असेल देव जाणे. ओट्याची पायरी उतरताना त्यांचा पाय चुकला, श्रीनाथनं कोपर धरलं, आणि "नवा हाय, सवय व्हईल" असं म्हणत त्या मिठाची पिशवी घेऊन शाळेकडं निघाल्या. रिजवान गाडी बंद करून, हेल्मेट काखेत मारून, शिक्षा झालेल्या पोरासारखा मागोमाग.

शाळेच्या स्वयंपाकखोलीत दोघांशिवाय कुणी नव्हतं. बनाबाईंनी चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि आधाणात तांदूळ सोडले.

"मावशी, चूक झाली," रिजवान म्हणाला. "तुमचा रिपोर्ट श्रीनाथ शेठच्या फोनवर गेला. मला वाटलं ते सगळ्या गावाला वाचून दाखवतील."

"त्यो?" बनाबाई खरंच चकित झाल्या. "त्याला सा वरसांपासनं ठावं हाय. मालक गेलं तवा उमरग्याला माझ्या संगं त्योच आलता. म्या इचार करूनच त्याचा नंबर दिला की वो."

"पण ते मोठ्यानं वाचतात म्हणे."

"त्ये पीकविम्याचं, बँकंचं. त्ये समद्यांनी ऐकायचंच असतं. दुखन्याचं आलं तर त्यो मनात वाचतो, मानूस दुकानात यकटं असलं की सांगतो, आन म्होरंच पुसून टाकतो. ज्यानं उघड म्हनलं न्हाई त्याचं उघडतबी न्हाई. गावात कुनाला काय हाय, समदं त्याला ठावं हाय. पर त्याच्या बायकूला इचारा, तिला कायसुदिक ठावं न्हाय."

रिजवान पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसला. ज्यानं उघड म्हटलं नाही त्याचं उघडायचं नाही. लागेल तेवढंच सांगायचं, ज्याचं त्यालाच. काम झालं की पुसून टाकायचं. त्यानं सहा आठवडे खपून जे शिकून घेतलं होतं, ते हा किराणावाला डाळ जोखता जोखता पाळत होता, आणि प्रमाणपत्राला लॅमिनेशनही करत नव्हता. बाकीच्या आठ लिंक का उघडल्या नव्हत्या, तेही आता कळलं.

"गावात आजपातूर कुनी वरडलं न्हवतं भाऊ," बनाबाई खिचडी ढवळत म्हणाल्या. "तुमीच पयलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच रिजवानला जास्त लागलं. त्याला रडू आलं. चुलीच्या धुरानं आलं असं तो सांगतो, पण शाळेत गॅस आहे.

खिचडी झाल्यावर बनाबाईंनी पहिली ताटली त्याच्यापुढं ठेवली. तो जेवत असताना हेडमास्तर डोकावले. लगेच बनाबाईंनी खिडकीतला चष्मा उचलून नाकावर चढवला आणि वाफेत काहीच दिसत नसताना मिठाच्या जागी हळदीचा डबा उचलला.

संध्याकाळी रिजवान टपरीवर गेला. खाजाभाईंनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही कानस चालवली नाही.

"बेटा, कुलूप झ्याक केलतंस," ते शेवटी म्हणाले. "चाबी कुनाच्या हातात पडली, बघितलंस का?"

"नाही अब्बा."

"समोर उघडून घेतलं तिच्याकडनं?"

"नाही."

"मग काय केलंस रं?"

रिजवाननं बापाच्या हातातली कानस घेतली आणि एका ट्रकच्या कुलपाची किल्ली घासून दिली. ती लागली नाही.

दुसऱ्या दिवशी, चष्मा नसल्यानं पडद्यापासून हातभर मागं सरून, त्यानं व्यवस्था पुन्हा मांडली. खिडकीवर नवा रकाना आला: हा फोन कुणाचा, वाजला की उचलतं कोण. फोन नसेल तर निरोप कुणाकडं द्यायचा ते रुग्णानं स्वतः सांगायचं, दवाखान्यानं ठरवायचं नाही. संदेशात ना आजाराचं नाव ना दवाखान्याचं. आणि प्रत्येकानं पहिल्यांदा आपला रिपोर्ट प्रीतीसमोर बसून स्वतः उघडून बघायचा, तीनदा. तीनदाच का, असं डॉक्टरांनी विचारलं. "आमच्या घरचा रिवाज आहे," रिजवान म्हणाला. माकणीच्या नऊ जणांना प्रीतीनं एकेकटं गाठून विचारलं. नऊही जणांनी श्रीनाथचाच नंबर कायम ठेवला.

कागदपत्रांत शेवटी एक जागा असते, एवढं सगळं करूनही कोणता धोका शिल्लक राहतो ते लिहायची. रिजवाननं तिथं लिहिलं: 'रिजवान खाजा, हेल्मेटसह.' डॉक्टरांनी ते खोडलं नाही, खाली सही केली.

राहिला चष्मा. दीडच्या नंबरानं बनाबाईंचं डोकं ठणकायला लागलं, म्हणून रिजवाननं उमरग्यातून एक बिननंबरी, नुसत्या काचेचा चष्मा करून आणला आणि आपला परत घेतला. एकदा चष्मा लागला म्हटल्यावर तो सुटणार कसा? वर्ष उलटून गेलं. आतापर्यंत दोन चष्मे वाफेनं आणि एक पोरांच्या चेंडूनं गेला. तिन्ही रिजवाननंच आणून दिले. ओट्यावरची ती दळणवाली बाई अजून अधूनमधून विचारते, "नंबर वाढला का गं?" आणि बनाबाई न चुकता म्हणतात, "हाय तेवढाच हाय."

परवा चौथा चष्मा द्यायला तो गेला तेव्हा त्या एकट्याच होत्या. काचा वाफेनं पांढऱ्या झालेला जुनाच चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि नुसत्या डोळ्यांनी त्या तांदळातले खडे निवडत होत्या. अगदी बारीक खडेही सापडत होते. दारात सावली पडली तशी त्यांचा हात सवयीनं वर गेला आणि चष्मा खाली आला. मग रिजवान आहे असं कळल्यावर त्यांनी तो पुन्हा वर सरकवला.

रिजवाननं तो हात बघितला. "मावशी, माझ्या एका ओरडण्यापायी तुम्हाला हे जन्मभर..."

"असू द्या वो," बनाबाई म्हणाल्या. "गाडी कुठं लावली?"

"शिवेवर. चालत आलो."

"आन टोपडं?"

रिजवाननं पाठीमागं धरलेलं हेल्मेट पुढं करून दाखवलं. बनाबाईंनी मान हलवली, आणि त्याच्यासाठी ताटली पुसायला घेतली.